अर्जाआधी वही: गावचं उपकेंद्र, अंगणवाडी आणि निराधारांचे पगार मार्गी लावायचे कसे

"उपकेंद्राला कायम कुलूप, औषधं नसतात, कुणी ऐकत नाही." गावाचं सगळं दुखणं या एका वाक्यात येतं, आणि म्हणूनच त्यावर कुणाला काही करता येत नाही. कुलूप कोणत्या वारी होतं? किती वाजता? कोणतं औषध नव्हतं, आणि नाही असं सांगितलं कुणी? अशा अर्जाला तालुक्याहून ठरलेलं उत्तर येतं, "संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत." अर्ज फायलीला लागतो, कुलूप जागच्या जागी राहतं.

लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवावी ही कल्पना मराठवाड्याला नवी नाही. महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव होता. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे आणि ते तक्ते घेऊन जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बसायचं, अशी ती पद्धत. कार्यक्रम असो वा नसो, ही पद्धत कोणत्याही गावाला आपली आपण वापरता येते. खर्च म्हणाल तर एक दोनशे पानी वही आणि तीन महिने धीर.

दार कुणाचं, हे आधी ओळखा

निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. तिथली साखळी अशी: वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, त्यांच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक. छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. ती वैद्यकीय शिक्षण विभागाची, तिथे अधिष्ठाता. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार घेऊन 'डीएचओ'कडे (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे) गेलात तर तो काहीच करू शकत नाही, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगेलच असंही नाही.

अंगणवाडीची वाट आणखी वेगळी: पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. निराधारांचे पगार तहसीलमधल्या संजय गांधी योजना शाखेत, म्हणजे 'संगायो'त. पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीचं. वहीच्या पहिल्या पानावर हाच नकाशा काढा आणि प्रत्येक दारासमोर पदनाम लिहा. माणसाचं नाव लिहू नका, बदल्या होत राहतात.

पैशाच्या बाबतीतही दार महत्त्वाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरसुद्धा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. बाळंतपणाचं तर त्याच्याही आधीपासून ठरलेलं आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागल्यास रक्त, घरून दवाखान्यात आणि परत घरी गाडी हे सगळं मोफत. जेवण साध्या प्रसूतीला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस. "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात पडली तर त्या चिठ्ठीचा आणि मेडिकलच्या बिलाचा फोटो काढून ठेवा. शंभर तोंडी तक्रारींपेक्षा त्या दोन कागदांना वजन जास्त असतं.

वहीत काय लिहायचं

सात-आठ जण पुरेत. बचत गटातल्या दोघी, तांड्यावरची किंवा वाडीवरची एक, दलित वस्तीतली एक, घरात दिव्यांग असलेलं कुणी, एखादा शिकलेला तरुण. सगळी सरपंचांचीच माणसं नकोत आणि सगळे विरोधकही नकोत. पहिल्या गटाची वही उघडतच नाही, दुसऱ्याच्या वहीवर विश्वास बसत नाही.

आशाताईंना या गटाच्या पुढे करू नका. त्यांना पगार नाही, कामावर आधारित मोबदला मिळतो, आणि त्या मोबदल्याचे कागद सिस्टर (आरोग्यसेविका) आणि डॉक्टरांच्या हाताखालून जातात. तक्रारीवर त्यांची सही घेतली की पुढचे सहा महिने त्यांची बिलं अडू लागतात. त्यांच्याकडून माहिती घ्या, नाव मात्र वहीत लिहू नका.

प्रश्न सहा ते आठच ठेवा. वीस प्रश्नांची वही दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. नोंदीत तारीख, वेळ, काय हवं होतं, काय मिळालं, कोण काय म्हणालं, एवढ्या पाच गोष्टी हव्यात. नमुना पाहा:

"३ जून, सकाळी १०.४०. गरोदर महिला, सातवा महिना. वजन केलं. बीपीचं यंत्र बंद असल्याचं सिस्टरनी सांगितलं. लोहाच्या गोळ्या ३० मिळाल्या."

रुग्णाचं नाव नको, क्रमांक पुरे. आजार लिहू नका, महिलांचे फोटो तर मुळीच काढू नका. गावात अशी एक गोष्ट फुटली की पुन्हा कुणी वहीजवळ येत नाही.

"कुलूप होतं" असं लिहिण्याआधी सिस्टरचा दौरा कार्यक्रम मागून भिंतीवर लावून घ्या. एका उपकेंद्राखाली सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्या असते. लसीकरण सत्रं, गृहभेटी आणि तालुक्याच्या बैठका यांत सिस्टर बाहेर असणं हे कामच आहे. ज्या दिवशी त्या दौऱ्यावर होत्या तो दिवस 'गैरहजर' म्हणून लिहिला, की अधिकारी तेवढी एक नोंद खोडून काढतो आणि सोबत तुमच्या बाकीच्या ४० नोंदीही बाद होतात. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या (म्हणजे सेवा वाढवलेल्या) उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारीही असतात, तेव्हा त्यांच्या ओपीडीची नोंद वेगळी करा.

कागद कसा वाचायचा

भेटीला जाण्याआधी डॉक्टरांना एक साधं पत्र द्या, वेळ मागा, चौघांहून जास्त जाऊ नका. आत गेल्यावर यादी घेऊन पोलिसासारखं उभं राहू नका. नागरिकांची सनद आणि औषधसाठ्याचा फलक कुठे आहे एवढ्या प्रश्नानेही बोलणं सुरू होतं.

माता-बाल संरक्षण कार्डं पाहा. दहा कार्डांवर रक्तदाब १२०/८० किंवा ११०/७०, तोही प्रत्येक भेटीला, असं असेल तर बीपी मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. हिमोग्लोबिनचंही तसंच. अंगणवाडीच्या वजननोंदीत सगळे आकडे पूर्ण किंवा अर्धा किलोचे असतील, तर काटा बंद आहे किंवा वापरातच नाही. खऱ्या मोजणीत ९.३, ११.७ असे वेडेवाकडे आकडे येतात. हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही.

औषधांत मोजकीच निवडा: ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या, तापाचं सिरप, बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या, कुत्रा चावल्यावरची लस, सर्पदंशाची लस. शेवटच्या दोन नीट समजून घ्या, कारण गावात भांडणं त्यांच्यावरूनच होतात.

सर्पदंशात विषाची लक्षणं दिसली तर पहिलाच डोस साधारण ८ ते १० कुप्यांचा असतो. फलकावर "सर्पदंश लस: उपलब्ध" आणि कपाटात दोन कुप्या, याला साठा म्हणत नाहीत. म्हणून आहे-नाही न विचारता आकडा विचारा. मराठवाड्यात पेरणी-खुरपणीच्या दिवसांत दंश वाढतात, तेव्हा हा आकडा जूनच्या पहिल्या आठवड्यातच विचारायचा. ऑगस्टमध्ये विचारून उपयोग नाही.

रेबीजच्या लशीची अडचण निराळी. कातडीत द्यायच्या पद्धतीत एका वेळी ०.१ मिलीची दोन टोचणं असतात, आणि एका कुपीत अनेकांचे डोस निघतात. कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून एकटा रुग्ण आला की "उद्या या" असं सांगितलं जातं. पण पहिलं टोचण चावल्याच्या दिवशीच हवं, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायला हवी, आणि पुढची टोचणं (पहिल्या टोचणाचा दिवस शून्य धरून) तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पुढच्या टोचणांसाठी आजूबाजूच्या गावांचे रुग्ण ठरलेल्या वारी एकत्र आणता येतात. पहिल्या टोचणासाठी मात्र एका माणसासाठीही कुपी फोडली पाहिजे. मागणी अशा शब्दांत मांडली की डॉक्टरांनाही ती नाकारता येत नाही.

लशींच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत हवं. दिवसातून दोनदा नोंद करायची असते. गावात रात्रभर वीज नव्हती आणि सकाळच्या नोंदीत निवांत ४ अंश लिहिलेलं आहे, असं दिसलं तर फक्त एवढंच विचारा, "वीज गेल्यावर लशी कुठे हलवता?"

चूक नेमकी कुणाची

तीन महिन्यांनी वही घेऊन बसा आणि प्रत्येक अडचणीसमोर ती कोणत्या पातळीवर सुटते ते लिहा. काटा बंद, पाण्याची टाकी फुटकी, बसायला बाक नाही, हे गावातच सुटतं. लोहाच्या गोळ्या संपल्या हे बऱ्याचदा मागणीपत्र उशिरा गेल्यामुळे होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा साठा ई-औषधी या संगणक प्रणालीत असतो, तेव्हा मागणी केव्हा नोंदली ते तिथल्या औषध निर्मात्याला विचारता येतं. डॉक्टरचं पद दोन वर्षं रिकामं असेल तर तिथल्या सिस्टरवर ओरडून हाती काही लागत नाही, त्यासाठी जिल्ह्याला आणि आमदारांना गाठायचं. गावागावांतून होणारी सर्वात मोठी चूक हीच: वरची टंचाई आणि खालची शिक्षा. ओरडा खाल्लेली सिस्टर बदली मागते, मग ते पदही रिकामं होतं.

खात्यातला पैसा

गाव पातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. ती कागदावर सगळीकडे आहे. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान १५ सदस्य, त्यांत निम्म्या महिला आणि दर महिन्याला बैठक हवी. महसुली गावामागे वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी धरलेला असतो, ज्याला सगळे 'अनटाइड' म्हणतात. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला ५०,००० आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला १,७५,००० रुपयांची तरतूद असते. उपकेंद्राचा खर्च जन आरोग्य समितीपुढे येतो, केंद्राचा रुग्ण कल्याण समितीपुढे.

प्रत्यक्षात रक्कम कमी येते. त्याचं कारण भ्रष्टाचारच असेल असं नाही. मागच्या वर्षीचा पैसा शिल्लक असला तर तेवढाच कमी करून पुढचा देतात. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा खर्च झाल्याचा दाखला) गेलं नसेल तर हप्ता अडतो. मार्चमध्ये घाईघाईने सतरंज्या आणि फ्लेक्स घेतले जातात ते यामुळेच. म्हणून एप्रिलमध्येच पासबुकाची झेरॉक्स मागा, सह्या कुणाच्या चालतात ते पाहा आणि तीन कामं ठरवून टाका. हा पैसा सगळ्या गावाच्या उपयोगासाठी आहे. एखाद्या अगदी निराधार घराला मदत चालते, एरवी एकेका कुटुंबावर खर्च करायचा नसतो. दुसऱ्या योजनेतून जे मिळतं त्यावरही नाही.

पाण्याचं एक काम या समितीने कधी सोडू नये. ब्लिचिंग पावडर (टीसीएल) चांगली असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. पण पोतं उघडं राहिलं, टिनाच्या खोलीत उन्हाने तापलं, की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं, आणि मग कितीही टाका, पाण्याला वास तेवढा येतो. पोत्यावरची तारीख पाहा, कोरड्या जागी तोंड बांधून ठेवा. पावडर बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी टाकीत ओता, अर्धा-एक तास थांबा, मग पाण्यातलं क्लोरीन दाखवणारी ओटी चाचणी करा. तीही टाकीजवळ करू नका, शेवटच्या नळाला करा. तिथे ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळायला हवं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की टँकर भरतानाच क्लोरीन टाकलं का, हे वेगळं नोंदवायचं. टँकर विहिरीत रिकामा होतो, दहा मिनिटांत शंभर घागरी खाली सुटतात, आणि तिथे मग पावडर मिसळायला वेळच उरत नाही. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची तपासणी होऊन गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. ते ग्रामपंचायतीत लावलेलं नसेल तर मागून घ्या.

ठराव असा लिहा

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी तो आकडा लागतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे, आणि आरोग्याचे विषय तिथेच नीट बोलले जातात. विषय आयत्या वेळी काढलात तर "पुढच्या वेळी बघू" ऐकावं लागतं, त्यामुळे आठ-दहा दिवस आधी ग्रामसेवकाला (नवं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी देऊन पोच घ्या.

ठरावात विशेषणं नकोत, आकडे हवेत:

"उपकेंद्रातील रक्तदाब मोजण्याचे यंत्र दि. ३ जूनपासून बंद आहे. या काळात तपासणीस आलेल्या १४ गरोदर महिलांपैकी ११ जणींचा रक्तदाब मोजला गेला नाही. उपकेंद्राच्या अबंधित निधीतून १५ दिवसांत यंत्र दुरुस्त करावे किंवा नवीन घ्यावे. जबाबदारी: समुदाय आरोग्य अधिकारी. आढावा: पुढील ग्रामसभा."

काम, पैसा कुठून, मुदत, जबाबदार पद, पुन्हा कधी बघायचं. यांतलं एकही गाळलं की ठराव लोंबकळतो. सभा संपायच्या आत इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या, नंतर इतिवृत्ताच्या वहीत वेगळंच निघतं. प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि गटविकास अधिकारी दोघांना द्या, आवक क्रमांक घ्या.

तीन-चार गावांच्या वह्या जमल्या की प्राथमिक आरोग्य केंद्रावर जनसंवाद लावा. अध्यक्ष तटस्थ हवा, एखादे निवृत्त मुख्याध्यापक चालतील. आधी चांगलं काय चाललंय ते वाचा (प्रत्येक केंद्रात काहीतरी चांगलं असतंच), मग पाच मुद्दे. त्याहून जास्त नकोत. प्रत्येक मुद्द्यावर अधिकाऱ्यांचं उत्तर आणि तारीख तिथेच फलकावर लिहा.

उत्तर आलंच नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत. "औषधं का नाहीत?" हा प्रश्न त्यात चालत नाही, कारण 'का' ही माहिती नव्हे. "मागील १२ महिन्यांत या केंद्राने पाठवलेल्या औषध मागणीपत्रांच्या आणि मिळालेल्या पुरवठ्याच्या प्रती द्याव्यात" हे चालतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

निराधारांचे पगार आणि दिव्यांगांचा निधी

आरोग्याच्या वहीत हे कशाला, असं वाटेल. पण बीपीची गोळी घ्यायला तालुक्याला जायचं तर म्हातारीला एसटीचा नाही तरी पुढच्या रिक्षाचा खर्च आहेच, आणि तो या पगारातूनच निघतो.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांत महिना १,५०० रुपयांचा दर २०२३ मध्ये लागू झाला, दिव्यांगांसाठी तो २०२५ मध्ये २,५०० झाला. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे वर्षाला २१,००० रुपये. ६५ च्या आतल्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग पहिल्या योजनेत, ६५ च्या पुढचे दुसऱ्या. पगार बंद पडला की "तहसीलवाल्यांनी नाव कापलं" असं आपण धरून चालतो. खरं कारण बहुतेक वेळा तीनांतलं एक निघतं: हयातीचा दाखला दिला नाही, आधार आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही, किंवा पैसा दुसऱ्याच खात्यात जातोय. तिसरं सर्वात फसवं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे पैसा त्याच बँकेत येईल असं नाही. थेट लाभाची रक्कम ज्या खात्याला शेवटचं आधार सीडिंग (लाभासाठी आधार जोडणं) झालं तिथे जाते. मध्ये कधी कर्जासाठी किंवा बचत गटासाठी नवं खातं उघडलं असेल तर म्हातारीचे चार महिन्यांचे पैसे तिथे निवांत पडलेले असतात. म्हणून आधी सीडिंग कोणत्या बँकेला आहे ते तपासा, मगच तहसील गाठा.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांगांवर आणि १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारा: मागच्या वर्षी उत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, कुणाला काय दिलं? उत्तर सभेत पाठ नसलं तरी नोंदवहीत असायलाच हवं.

कोयत्याला जाणाऱ्यांची यादी

बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या बऱ्याच तांड्यांत आणि वाड्यांत दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात आणि निम्मी घरं बंद होतात. वहीचं खरं काम तेव्हा सुरू होतं. मुकादमाच्या गाड्या लागण्याआधी, दसऱ्याच्या आठवड्यातच यादी करा: कोण जातंय, कोणत्या साखर कारखान्याला, सोबत गरोदर बाई आहे का, सहा वर्षांखालची मुलं किती, मागे एकटे म्हातारे कोण राहतायत. माता-बाल कार्ड कपाटात नको, ट्रॅक्टरवर चढलेल्या पिशवीत हवं. बीपी, शुगर, क्षयरोगाच्या रुग्णांना जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. मागे राहिलेल्या प्रत्येक म्हाताऱ्यासमोर शेजारच्या एका घराचं नाव लिहा, आठवड्यातून एकदा डोकावण्यासाठी.

पाडव्याच्या सुमारास माणसं परतली की तीच यादी पुन्हा काढायची. मुलांचं वजन आणि दंडाचा घेर त्याच आठवड्यात घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित, त्याला त्याच दिवशी सिस्टरकडे न्या. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर अंगणवाडी ताईंच्या यादीत नाव घाला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. चुकलेली लस कार्डावर पेन्सिलीने गोल करून ठेवा, पुढच्या लसीकरण सत्राला आशाताईंना ती शोधत बसावं लागणार नाही.